त्रिरश्मी लेण्यातला हिशेब

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. वंदन होतं, फोटो होतात, आणि लेणे क्रमांक १० च्या ओसरीतला शिलालेख तसाच मागे राहतो. वास्तविक त्यात भिक्षुसंघाच्या खर्चाची तरतूद लिहिलेली आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दान दिले. साल ४२ असे कोरलेले आहे. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० वर शेकडा एक पडिक, १००० वर शेकडा पाऊण पडिक. वर्षावासाच्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आता पडिक म्हणजे एक कार्षापण आणि व्याज महिन्याचे धरून बघा : पहिल्या ठेवीचे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा दिले की बरोबर २४०!

पण हे आकडे लिहिले कसे? आपल्या २००० मध्ये दोनला हजाराच्या घरात नेतात ती पुढची तीन शून्ये. तिथे शून्य नाही. ब्राह्मीत दहा, चाळीस, शंभर, हजार यांची चिन्हेच निराळी. ४२ म्हणजे चाळीसचे चिन्ह, पुढे दोनचे. हजाराच्याच चिन्हाला जोड दिली की दोन हजार. आणि पाऊण? तो शब्दात आहे, 'पायून'. पाव कमी तो पाऊण. आपल्या बायाबापड्या बाजारात बोलतात तोच शब्द!

घराप्रमाणे किंमत बदलते, हे बौद्ध आचार्यांना चांगलं ठाऊक होतं. चौथ्या-पाचव्या शतकातले वसुबंधू अभिधर्मकोशाच्या भाष्यात भदंत वसुमित्रांचा दृष्टांत देतात : मोजणीची एकच वर्तिका एकंच्या घरात ठेवली तर एक, शतंच्या घरात शंभर, सहस्रच्या घरात हजार. त्यांना गणित शिकवायचं नव्हतं. भूत, वर्तमान, भविष्यात धर्म तोच, अवस्था वेगळी, हे पटवायचं होतं. पण दृष्टांत ऐकणाऱ्याच्या ओळखीचाच देतात ना? म्हणून हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

एकंच्या उजवीकडेही घरं मांडता येतात, हे सुचायला मात्र वेळ लागला. इ.स. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने भारतीय अंकांवरच्या ग्रंथात दशांश अपूर्णांक वापरले. युरोपात सायमन स्टेविनची पुस्तिका १५८५ ची. नियम जुनाच : डावीकडे सरकलं की दहापट, उजवीकडे दहावा हिस्सा. पाऊण म्हणजे ०.७५, सात दशांश आणि पाच शतांश. उषवदाताच्या दुसऱ्या ठेवीचे महिन्याला ७.५, वर्षाला ९०. टिंब गळालं तर साडेसातचे पंच्याहत्तर होतात. दगडातल्या 'पायून'ला ती भीती नाही.

आपल्या नाण्यांत दशमान आलं १ एप्रिल १९५७ ला, नव्या पैशांबरोबर. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या माणसांना बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, हे सांगायला कागद लागत नसे.