संयमाचा भरवसा

संततिनियमनाचा इतिहास बहुधा साधनांच्या आणि संस्थांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या पद्धतीला साधन, पैसा वा परवानगी लागत नाही, ती या इतिहासातून सहज निसटते. खंडित संभोग, म्हणजे स्खलनापूर्वी पुरुषाने अलग होणे, ही अशीच पद्धत होय. बायबलमधील ओनानच्या कथेत तिचा उल्लेख आहे. आधुनिक साधने सर्वत्र पोचण्यापूर्वीच युरोपातील जननप्रमाण घटले. त्यातही तिचा मोठा वाटा असल्याचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मानतात.

बंगळूरच्या शिवाजीनगराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी इस्पितळांत संततिनियमन केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. जगातील आरंभीच्या सरकारी प्रयत्नांत त्याची गणना होते. परंतु पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाणारा हा भाग छावणीच्या हद्दीत होता आणि १९४७ पर्यंत तेथे इंग्रजांचा अंमल होता. दरबारी निर्णयाला अशी सीमा होती. शयनगृहातील उपायाला ती नव्हती.

मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले. या प्रचारापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकपद सोडावे लागले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड टळला नाही.

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारली, संयमाचा पुरस्कार केला आणि स्त्रीने पतीला नकार द्यावयास शिकावे, असे सुचविले. ब्रह्मचर्य आणि खंडित संभोग यांत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. तथापि एका बाबतीत दोन्ही जवळ येतात. पुरुषाचा संयम ढळला, तर परिणाम स्त्रीच्या देहावर होतो. नकाराचा अधिकार तत्त्वतः मान्य केला, तरी आश्रित पत्नीला तो वापरता येईलच असे नाही. स्त्रीच्या हाती साधन देण्याच्या आग्रहाचे महत्त्व येथे कळते.

आजचे वैद्यकीय ज्ञान हाच मुद्दा आकड्यांनी स्पष्ट करते. ही पद्धत प्रत्येक वेळी अचूक पाळली, तर वर्षभरात शंभरांपैकी सुमारे ४ स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात हे प्रमाण २० च्या आसपास जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांपैकी ११ जणांच्या स्खलनपूर्व स्रावात शुक्रजंतू आढळले. वेळ साधली तरी धोका उरतो, तो यामुळे. शिवाय लैंगिक संसर्गापासून या पद्धतीने भरवशाचे संरक्षण मिळत नाही. काहीच न करण्यापेक्षा ती बरी, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येते.

साधने आली, पण जबाबदारीची वाटणी समान झाली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. स्वतः अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या कर्व्यांचे वेगळेपण या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे लक्षात येते.