डिसूझा, सेबॅस्टियन

मुंबईतील वृत्तछायाचित्रकार. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर टिपलेल्या हल्लेखोर अजमल कसाबच्या छायाचित्रामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्याआधी एएफपी या वृत्तसंस्थेसाठी त्यांनी २००२ ची गुजरात दंगल टिपली होती. डोक्याला भगवी पट्टी बांधलेला, लोखंडी कांब घेऊन हात पसरून ओरडणारा अहमदाबादचा तरुण हे त्यांचेच छायाचित्र. पुढे ते ‘मुंबई मिरर’चे छायाचित्र संपादक झाले.

मिररचे कार्यालय टर्मिनससमोरच्या टाइम्सच्या इमारतीत होते. त्या रात्री गोळीबार ऐकू येताच डिसूझा कॅमेरा घेऊन रस्ता ओलांडून स्थानकात शिरले. फलाटावर उभ्या गाडीच्या पहिल्या डब्यातून कोन साधेना, म्हणून ते दुसऱ्या डब्यात गेले आणि हल्लेखोर समोरून जाण्याची वाट पाहत थांबले. फ्लॅश उडवणे म्हणजे आपण कुठे आहोत हे सांगणेच; स्थानकाच्या दिव्यांवर भागवावे लागले.

छायाचित्रात कसाबचा निळा टी-शर्ट, करडी कार्गो पँट, पाठपिशवी, एके-४७ आणि मनगटावरचा दोरा स्पष्ट दिसतो. चालण्यात घाई नाही. २००९ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत या छायाचित्राचा सन्माननीय उल्लेख झाला. त्याचे खरे मोल मात्र आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात, कसाबवरील खटल्यात ठरले. तिथे डिसूझांनी साक्ष दिली. डिसेंबर २००९ मध्ये कसाबने आधी दिलेला कबुलीजबाब फिरवला आणि हल्ल्याआधीच आपल्याला जुहूवर पकडल्याचा दावा केला. स्थानकात बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबच्या चित्रापुढे तो दावा टिकण्यासारखा नव्हता. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने डिसूझा आणि टाइम्स ऑफ इंडियाचे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर या दोघांची खास प्रशंसा केली. जिवाची पर्वा न करता ते हल्लेखोरांच्या मागावर राहिले, याची नोंद निकालपत्रात आहे. छायाचित्रकारांना अशी शाबासकी न्यायालयाकडून क्वचितच मिळते.

स्थानकातील सशस्त्र पोलिसांनी गोळी झाडली नाही, याबद्दलचा संताप डिसूझांनी मुलाखतींतून उघडपणे बोलून दाखवला. २०१२ मध्ये निवृत्त होऊन ते गोव्यात स्थायिक झाले.