करडं फूल

टीव्हीचं चित्र बरोबर आहे की नाही, हे आमच्या धंद्यात चेहऱ्यावरून ओळखायचं. झाड, इमारत, समुद्र थोडे ताणलेले दिसले तरी गिऱ्हाईक काही बोलत नाही. चेहरा बोटभर लांब झाला की लगेच हाक येते, ‘अहो टीव्हीवाले, ही बाई अशी काकडीसारखी का दिसतेय?’ मी लालबाग-परळात एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझा मापाचा चेहरा तबस्सुमचा होता. गोल, हसरा, केसांत फूल माळलेला. तो पडद्यावर गोल आला की मागचं झाकण लावायचं, स्क्रू पिळायचे आणि चहा घ्यायचा.

योगायोग म्हणावा तर तसा नाही. तेव्हा दूरदर्शन दिसायचं मुख्यतः संध्याकाळी. दिवसा सेट उघडला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, म्हणजे दोष शोधायला मिळायचा, पण चित्र जुळवता यायचं नाही. म्हणून माझी खरी फेरी दिवेलागणीला सुरू व्हायची. ‘आमची माती आमची माणसं’ चालू असताना पहिलं घर, बातम्यांना दुसरं. आणि तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ लागायचं त्या दिवशी कुणाकडेही गेलो तरी घरची मंडळी मला सेटच्या मागून हलू देत नसत. चित्र वरखाली पळालं तर मागचं व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवून लगेच थांबवायला माणूस हवा ना!

मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीला तो १९५९ पासून होता, पण मुंबईला त्याची वाट तेरा वर्षं बघावी लागली. पुढच्या वर्षी पुण्याला सोय झाली. सुरुवातीला टीव्ही हे आकाशवाणीचंच एक पोर होतं, १ एप्रिल १९७६ ला ते वेगळं झालं. वरळीच्या केंद्राकडे तोंड करून शहरभर अँटेना उभ्या राहिल्या. आम्हाला वरळी इतकी जवळ की सिग्नलची कधी ददात नव्हती. उलट तो जास्तच यायचा. गिरण्यांच्या चिमण्यांवर, उंच इमारतींवर आदळून परत यायचा आणि प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली उभी करायचा. त्याला आम्ही भूत म्हणायचो. गच्चीवर चढून मी अँटेना फिरवायचो, खालून कुणीतरी पोरगं ओरडायचं, ‘भूत गेलं, भूत गेलं! नाही, आलं परत!’

आमच्या चाळीत पहिला सेट आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या, गिरणीतल्या एका हेडजॉबरकडे. लाकडी कपाटातला, सरकत्या शटरचा, शटरला कुलूप. त्या काळी टीव्हीचं लायसन असायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. म्हणजे घरात एक सरकारी कागद आणि त्यामागोमाग अख्खी चाळ. बाहेर चपलांचा ढीग. आत बायका मटार सोलत, लसूण निवडत बसायच्या, पुरुष दाराच्या चौकटीला टेकून उभे. फुकट बघणाऱ्यांनी कुठे बसायचं, घरच्या मुलांच्या पुढे की मागे, पंखा कोणाच्या बाजूने, याचे न बोलता ठरलेले नियम होते. ‘छायागीत’ला पोरं पुढे. सिनेमाला सगळेच पुढे. तबस्सुमला मात्र बायका पुढे, हे कुणी ठरवलं नव्हतं पण तसंच व्हायचं.

आता हा कार्यक्रम होता तरी काय? दोन खुर्च्या, थोडी फुलं, मागे एक पडदा आणि समोर सिनेमातला कुणीतरी पाहुणा. नट, संगीतकार, गायक, विनोदी नट. गप्पा मारायच्या, मध्ये शेर, मध्ये चुटका, मध्ये एखादं गाणं. एवढंच. नावसुद्धा जिगर मुरादाबादींच्या शेरातून उचललेलं. आज ज्याला टॉक शो म्हणतात त्यातला आपल्या देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. तो चालला १९७२ ते १९९३, एकवीस वर्षं. माझ्या दुकानातला एकही पोऱ्या एकवीस महिने टिकला नाही.

‘मुलाखत’ हा शब्द आम्हाला माहीत होता. मराठीत ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागायचं, त्यात साहित्यिक येऊन गंभीरपणे बोलायचे. माझा थोरला भाऊ ते बघायचा आणि आम्हाला गप्प बसवायचा. हिंदीत कमलेश्वरांचं ‘परिक्रमा’ होतं. त्यात ते साध्या माणसांना बोलतं करायचे, आणि त्या माणसांची दुःखं बघून आमच्याकडचे गिरणीवाले गंभीर व्हायचे. तबस्सुमच्या कार्यक्रमात दुःख फार काही नसायचं. भाऊ म्हणायचा, ‘ही बाई कुणाला अवघड प्रश्न विचारतच नाही.’ खरं होतं ते. एखाद्याचे सिनेमे पडतायत, एखाद्याचं घर मोडलंय, हे सगळ्यांना फिल्मी मासिकांतून कळलेलं असायचं, आणि ही हसत हसत विचारणार त्याच्या बालपणाबद्दल. तेव्हा मीही भावाच्याच बाजूचा होतो.

मत बदललं ते तिच्याबद्दल थोडं वाचल्यावर. ती मुंबईतच ९ जुलै १९४४ ला जन्मली. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम, दोघंही स्वातंत्र्यचळवळीतले. बापाने बायकोच्या धर्माचा मान ठेवून मुलीचं नाव ठेवलं तबस्सुम, आणि आईने नवऱ्याच्या धर्माचा मान ठेवून किरणबाला. कागदोपत्री ती किरणबाला सचदेव. तबस्सुम म्हणजे स्मित. हे कळल्यावर आमच्या आईने सोललेले मटार बाजूला ठेवले आणि म्हणाली, ‘म्हणजे नावच हसू आहे होय! मग बिचारी काय करणार?’

तीन वर्षांची असताना ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९४७ चा ‘नर्गिस’. बेबी तबस्सुम. पुढे १९५१ च्या ‘दीदार’मध्ये ती नर्गिसचं बालपण झाली, आणि घोड्यावर बसून गाणारी ती मुलगी त्या पिढीच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त मीनाकुमारीचं बालपण. म्हणजे टीव्हीवर आली तेव्हा वय अठ्ठावीस, आणि धंद्यात मात्र पंचवीस वर्षं मुरलेली. स्टुडिओतले दिवे, मेकअपची खोली, शॉट लागेपर्यंतचं ताटकळणं, हे तिला दुधाच्या दातांपासून माहीत. समोर बसलेल्या नटाला ती पत्रकार वाटत नसणार, घरातलीच मुलगी वाटत असणार. घरातली मुलगी चारचौघांत अवघड प्रश्न विचारत नाही. पण ती जे विचारते, त्याला कुणी ठरवून पाठ केलेलं उत्तरही देत नाही. पाहुणा खुर्चीत आधी ताठ बसायचा. हिचा पहिला चुटका झाला की खांदे उतरायचे. मी सेटच्या मागे बसून, समोर धरलेल्या आरशात चित्र बघत असायचो (झाकण उघडं ठेवून चित्र जुळवायचं तर समोर आरसा लागतोच), त्यामुळे मला माणसं उलटी दिसायची. पण खांदे उतरलेले आरशातही कळतात.

तिचं उर्दू आमच्यापैकी कितीजणांना कळायचं, देव जाणे. शेर झाला की पाहुणा ‘वाह’ म्हणायचा, त्यावरून आम्हीही म्हणायचो. खालच्या मजल्यावरचे एक काका तर तिच्या सगळ्या चुटक्यांचं मराठी भाषांतर दुसऱ्या दिवशी नळावर सांगायचे. निम्मा विनोद तिथेच सांडायचा.

तेव्हा घरात रेकॉर्डिंगची सोय नव्हती. बघितलं ते बघितलं. स्टुडिओतल्या टेपाही महाग, त्यांच्यावर पुन्हा नवं काही चढवायचे. त्यामुळे माझा एक फ्यूज उडाला तर कुण्या घराचा एक पाहुणा कायमचा हुकायचा. एकदा माझ्या हातून एका घरी नेमकं तसं झालं. त्या वहिनींनी पुढची दोन वर्षं मला दिलेल्या चहात साखर कमी घातली. विचारलं नाही कधी, पण मला शंका आहे.

१९८२ साली दोन गोष्टी झाल्या. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. आणि त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला, पंधरा ऑगस्ट आणि मग एशियाड. दादरच्या दुकानांतून रंगीत सेट झळकत होते, आणि मी गिरणगावात काळे-पांढरे सेट विकत घेत फिरत होतो. विकत घेत म्हणजे, लोकच आणून देत. हेडजॉबरांचाही आला, शटरसकट, कुलपाच्या किल्लीसकट. किंमत मी सांगितली ती त्यांनी मान खाली घालून मान्य केली. त्या वर्षाबद्दल मी जास्त लिहीत नाही.

रंगीत सेटबरोबर आमचं एक जुनं कोडं सुटलं. दहा वर्षं चाळीत वाद होता, तबस्सुमच्या केसांतलं फूल कोणत्या रंगाचं? आम्हाला ते करडं दिसायचं. आई म्हणे अबोली, वहिनी म्हणे गुलाबी, काका म्हणे प्लास्टिकचं. पुढे एका गिऱ्हाइकाकडे, हिंदमातेजवळ, बोलावणं आलं. आजीबाई रागावलेल्या. ‘तिचं फूल जांभळं दिसतंय आणि अर्धा गाल हिरवा! नवा सेट आहे, चार महिने झाले नाहीत.’ बघतो तर नातवाने डेकचा मोठा स्पीकर टीव्हीला चिकटून ठेवलेला. स्पीकरातल्या चुंबकाने पिक्चर ट्यूबचे रंग पळवलेले. स्पीकर दूर केला, माझी गोल डिगॉसिंग कॉइल पडद्यासमोरून हळूहळू फिरवत मागे मागे गेलो. एरवी पडद्यावर ढवळलेले रंग बघून पोरं टाळ्या वाजवायची. आजी मात्र श्वास धरून बसल्या होत्या. मग ते फूल आलं. लाल.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘आज लाल असेल. रोज थोडंच तेच माळते?’

तबस्सुमने या काळात आणखीही बरंच केलं. ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाचं संपादन पंधरा वर्षं, स्टेजचे कार्यक्रम, १९८५ ला ‘तुम पर हम कुर्बान’ हा स्वतः काढलेला सिनेमा. लग्न विजय गोविल यांच्याशी, म्हणजे ‘रामायण’मधले राम अरुण गोविल हे तिचे दीर. हे कळलं तेव्हा चाळीत तिचा भाव आणखी वाढला. रामाची वहिनी म्हणजे काय!

मुंबईत दूरदर्शनचं दुसरं चॅनेल १९८५ च्या महाराष्ट्र दिनाला सुरू झालं. मग गल्लीत केबलवाले आले. १९९२ च्या ऑक्टोबरात झी सुरू झालं. माझ्या गच्चीवरच्या अँटेना एकेक करून वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांसाठी उपयोगी पडू लागल्या. १९९३ ला तिचा कार्यक्रम संपला. तो शेवटचा भाग मी बघितला नाही. कुणाच्या तरी घरी केबलची पिन बसवत होतो.

१८ नोव्हेंबर २०२२ ला ती गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन. त्याच्या आधीची काही वर्षं ती ‘तबस्सुम टॉकीज’ नावाने यूट्यूबवर जुन्या सिनेमावाल्यांच्या आठवणी सांगायची. नातीने मला मोबाइलवर लावून दिलं. केस पांढरे नव्हते, फूल होतं, हसू तेच. मी चष्मा पुसला, मोबाइल आडवा केला आणि सवयीने आधी तिचा चेहरा गोल दिसतोय का ते बघितलं.

‘काय बघताय आजोबा, ऐका ना,’ नात म्हणाली.

ऐकत होतो. फक्त बोट त्या मोबाइलच्या मागे, व्हर्टिकल होल्डचं बटण शोधत होतं.