क्लास मीटिंग (मेथडिस्ट वर्गसभा)

मेथडिस्ट ख्रिस्ती परंपरेतील सुमारे बारा सभासदांची साप्ताहिक सभा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) यांनी ती रूढ केली. पवित्र जीवन एकट्याने साधत नाही, त्याचा भार सगळ्या मंडळीने मिळून उचलायचा असतो, या श्रद्धेला या सभेमुळे रोजच्या व्यवहारात स्थान मिळाले.

उगम : वेस्ली अँग्लिकन धर्मगुरू होते. ऑक्सफर्डमधील ‘होली क्लब’ या छोट्या धार्मिक गटाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १७३८ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या वसाहतीत त्यांनी छोट्या गटांचे धार्मिक जीवन जवळून पाहिले होते. क्लास मीटिंगला मात्र निमित्त झाले ते कर्जाचे. ब्रिस्टल येथील ‘न्यू रूम’ या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायचे कसे, यावर १५ फेब्रुवारी १७४२ रोजी विचार चालू होता. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना कॅप्टन फॉय या सभासदाने केली. कित्येकांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. त्यावर फॉय म्हणाले की, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जे जमणार नाही ते मी भरीन. इतरांनीही तशीच जबाबदारी पत्करली. वर्गणीसाठी घरोघरी जाताना कोणी दारू प्यालेला आढळे, तर कोणी बायकोशी भांडताना दिसे. या भेटींतून सभासदांच्या जीवनाची काळजी वाहता येईल, हे वेस्लींनी ताबडतोब ओळखले.

कार्यपद्धती : प्रारंभी वर्गप्रमुख (क्लास लीडर) प्रत्येकाच्या घरी जात असे. पण नोकर म्हणून काम करणाऱ्या सभासदांना मालकाच्या घरी मोकळेपणाने बोलता येईना, म्हणून सर्वांनी एकत्र जमण्याची पद्धत पडली. प्रत्येकाच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणे, धीर देणे, गरज पडल्यास कानउघाडणी करणे, गरिबांसाठी वर्गणी घेणे आणि आजाऱ्यांची खबर धर्मसेवकाला देणे, ही वर्गप्रमुखाची कामे होती. हे काम सामान्य कारागीर आणि स्त्रियाही करीत. त्यांना धर्मदीक्षेची अट नव्हती. सभासदत्वाचे तिकीट दर तीन महिन्यांनी नवे मिळे. याहून लहान ‘बँड’ नावाच्या गटांत आधी एकाने स्वतःची स्थिती सांगायची आणि मगच इतरांना प्रश्न विचारायचे, असा दंडक होता.

नियम : वेस्लींच्या १७४३ च्या ‘सामान्य नियमां’त तीन सूत्रे आहेत : कोणाचे वाईट न करणे, होईल तितके भले करणे आणि उपासना, प्रार्थना, प्रभुभोजन आदी साधनांचा नित्य उपयोग करणे. मद्यविक्री, चोरटा माल, व्याजखोरी यांना बंदी होती. भुकेल्यांना अन्न देणे, आजारी व कैदी यांची भेट घेणे हे कर्तव्य होते. प्रवेशासाठी तारणाची तळमळ पुरे. टिकून राहण्यासाठी मात्र ती आचरणात दिसावी लागे. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसल येथे वेस्लींनी ६४ जणांना वगळल्याची नोंद आहे. त्यांत १७ जण दारूबाजीमुळे, एक जण पत्नीला मारहाण केल्यामुळे आणि २९ जण बेपर्वाईमुळे गेले.

धर्मशास्त्रीय आधार : एकमेकांची ओझी वाहण्याची गलतीकरांस पत्रातील (६:२) आज्ञा आणि परस्परांजवळ पापे कबूल करण्याचा याकोबाच्या पत्रातील (५:१६) उपदेश हे या सभेचे आधार होत. पवित्रता ही देवाच्या कृपेची देणगी आहे. ती जपायला आणि वाढवायला बंधुभगिनींची साथ लागते, अशी वेस्लींची धारणा होती.

प्रसार व प्रभाव : अमेरिकेत वर्गप्रमुख म्हणून काम केलेल्या रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने १८१६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगार चळवळीने वर्ग व साप्ताहिक पेनी यांची रचना उचलली. १८७१ च्या अखेरीस मुंबईत आलेल्या विल्यम टेलर यांनी घराघरांत ‘फेलोशिप बँड’ भरवून येथील मेथडिस्ट मंडळीचा पाया घातला. मिशनचे वेतन नाकारून बाजारवस्तीत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन पुढे या मंडळीत आले.

ऱ्हास व मूल्यमापन : एकोणिसाव्या शतकात स्थायिक धर्मसेवक व मोठी चर्चे आली, सभेतील कथने ठरावीक साच्याची झाली आणि उपस्थिती घटली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेथडिस्ट चर्चने १८६६ मध्ये या सभेला हजर राहण्याची सक्ती उठवली. कोरियात मात्र हे गट आजही मंडळीचा कणा आहेत. दुसऱ्याच्या आचरणावर नजर ठेवताना पाळत व दांभिकता यांचा धोका असतोच. वर्गप्रमुखाचा अधिकार कठोर होऊ शकतो. म्हणून या संस्थेची खरी कसोटी ती किती जणांना वगळते ही नव्हे. दुबळ्या सभासदाचा वाटा उचलायला कोणी पुढे येतो का, यावरच तिचे मोल ठरते. धर्मसेवकावर सारे सोपवून मोकळ्या होणाऱ्या आजच्या मंडळ्यांनाही हाच निकष लागू आहे.