परत मागविलेलें खेळणें

भीमेकांठच्या आमच्या भिगवणांत आठवड्याच्या बाजारीं खेळणीं विकणाराच्या गाड्याभोंवतीं मुलांची झिम्मड उडते. गेल्या वर्षीं तेथूनच मीं दीड वर्षाच्या नातवास एक मोटार आणली. घरीं येतांच तिचें चाक निखळलें व बाळाच्या तोंडांत गेलें. तें ओठांशींच होतें तोंच सुनेनें काढलें, म्हणून निभावलें. मोटार उलटसुलट करून पाहिली. तिजवर कारखानदाराचें नांव कोठेंच नव्हतें. तक्रार करावी ती कोणाकडे? या प्रश्नामागें एक इतिहास आहे. तोच आज थोडक्यांत सांगतों.

हें भय पूर्वींच्या घरांतही होतें. थोरलीं मुलें चिंचोके, गजगे, भातुकलीचीं इवलीं भांडीं घेऊन खेळत. परंतु रांगत्या बाळाच्या वाटेंत त्यांतलें कांहीं पडूं नये, यावर आजीचा डोळा असे. पुढें खेळणीं यंत्रावर लाखांनीं होऊं लागलीं आणि एका सांच्यांतला दोष एकाच वेळीं हजारों घरांत शिरूं लागला. मग पहारा कायद्यास करावा लागला.

अमेरिकेंत १९६९ सालीं खेळण्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला व १९७२ मध्यें ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं स्वतंत्र आयोग निर्माण झाला. १९७८ मध्यें मॅटेल कंपनीनें टेलिव्हिजनवरील एका मालिकेंतील आकाशयानांचीं खेळणीं काढलीं. त्यांतून लहानसा बाण सुटत असे. तो घशांत अडकून एक बालक दगावलें. १९७९ च्या आरंभीं कंपनीनें ते बाण परत मागविले आणि पाठविणाऱ्या मुलांस बदली एक छोटी मोटार देऊं केली.

१ जानेवारी १९८० पासून त्या देशांत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठीं एक माप अंमलांत आलें. तें माप म्हणजे तिरप्या तळाचें एक नळकांडें. तोंडाची रुंदी ३१.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या राणीछाप रुपयाहून किंचित् अधिक. खोली एका बाजूस २५.४ व दुसऱ्या बाजूस ५७.१ मिलिमीटर. खेळणें अथवा त्याचा निखळणारा तुकडा न दाबतां त्यांत पुरता मावला, तर तें विकण्यास मनाई.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें. नोंदणीकृत हस्तकारागिरांस मात्र त्यांतून सूट मिळाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें धोकादायक माल परत मागविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास दिला, आणि तें प्राधिकरण जुलै २०२० मध्यें स्थापन झालें.

कायदा आला, पण आमच्या गाड्यावरची ती मोटार कोणी परत मागवावी? मी जन्मभर हजेरीपट भरला. पटावर ज्याचें नांवच नाहीं, तो मुलगा गैरहजर आहे हें मास्तरास कळावें कसें? बिननांवाच्या खेळण्याचें तसेंच आहे. एका घरीं त्यानें घात केला, तरी दुसऱ्या घरास त्याची वर्दी पोंचत नाहीं.

म्हणून खेळणें घेतांना किंमतीआधीं चिन्ह व कारखानदाराचें नांव पाहावें. घरीं आणल्यावर चाकें, डोळे, बटणें ओढून पाहावींत. राणीछाप रुपयाएवढा तुकडाही सुटला, तर तें खेळणें बाळापुढून उचलावें. माझ्या नातवाची मोटार मीं फेंकून दिली. तो रडला खरा, पण तें रडणें ऐकून मला बरेंच वाटलें.