जीपची मांड

मोटारगाडी ही बग्गीची लेक आहे, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. आणि चाके, पाटे, टप, पायरी, फार काय दिव्यांची जागा, यांचा वंश पाहू जाता ते खरेही आहे. परंतु चालकाचे आसन, आणि विशेषतः ते पुढे-मागे सरकवून चालकाच्या पायांच्या मापाशी जुळवून घेण्याची युक्ती, ही मात्र बग्गीच्या घराण्यातली नव्हे. ती घोडेस्वाराच्या खोगिराकडून आलेली आहे, असे माझे मत असून ते येथे सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

बग्गी हाकणाऱ्याच्या पायांना काम नसे. पावदानावर टाच टेकवून तो बसे आणि घोड्यांशी त्याचा जो काही व्यवहार चाले तो लगाम आणि चाबूक यांच्याद्वारा, म्हणजे केवळ हातांनी; लगाम तर हवा तेवढा आखडता किंवा सोडता येतो, तेव्हा हाकणारा उंच असो की बुटका, फळी सरकवण्याचे प्रयोजनच नव्हते. मोटारीला क्लच आला आणि पायाला दर वळणावर, दर चढावर काम लागले, तेव्हा बग्गीची फळी निरुपयोगी ठरली. पायाने वाहन चालवण्याची विद्या स्वाराला त्याआधीपासूनच अवगत होती. स्वाराच्या बसण्याला आपण मांड म्हणतो, कारण तिथे सारा भरवसा मांडीवर असतो. आणि ही मांड पक्की राहावी म्हणून रिकिबीच्या पट्ट्याला साधारण इंचाइंचाच्या अंतराने भोके पाडलेली असतात. खोगीर जागचे हलत नाही, रिकीब वर-खाली होते. मोटारीत याच्या उलट घडले. पेडल जागचे हलत नाही, आसन हलते. एकाच कोड्याची ही दोन टोकांकडून केलेली सोडवणूक आहे.

या नात्याचा सुगावा मला महाडमध्ये, हमरस्त्यालगतच्या एका कारखान्यात लागला. एक उंचापुरा चालक आपली जुनी जीप घेऊन आला होता; घाट चढून आले की डावा गुडघा स्टिअरिंगला घासतो, मांडी अधांतरी राहते आणि पाय बधिर होतो, ही त्याची तक्रार. मिस्त्रीने फूटपट्टी हातात घेतलीच नाही. "दादा, पाठ लावून बसा. आता क्लच पार तळाला न्या," एवढेच तो म्हणाला आणि खाली वाकून त्या गुडघ्याकडे पाहत राहिला. क्लच तळाला गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. येथे तो चांगलाच दुमडलेला होता. मग त्याने चालकाला हात लांब करायला सांगून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकते की नाही ते पाहिले, आणि खडूने पत्र्यावर एक रेघ ओढली. घोड्यावर बसायला शिकवणारे उस्ताद याच रीतीने माप घेतात. बोटांची टोके रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या बकलाला लावायची आणि पट्टा हाताच्या खालून ताणून रिकीब बगलेत येते का ते पाहायचे. आली तर लांबी बरोबर. दोन्ही ठिकाणी शरीराचे माप शरीरानेच घेतलेले आहे. असले साम्य योगायोगाने जुळून येते हे मला पटत नाही.

पुढचे काम पाहण्याजोगे होते. आसनाचे चार बोल्ट सोडून मिस्त्रीने खाली दोन जाड लोखंडी पट्ट्या घातल्या, त्यांना खडूच्या रेघेप्रमाणे मागे नवी भोके पाडली, आणि पत्रा धक्क्याने फाटू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला रुंद वॉशर लावले. पुढच्या दोन पायांखाली त्याने आणखी एकेक वॉशर सरकवला, त्यामुळे गादीची पुढची कड थोडी उचलली जाऊन मांडीला गुडघ्याच्या अलीकडेपर्यंत आधार मिळाला. पण आसन मागे नेले की हात लांब पडतात, हे ध्यानात घेऊन त्याने पाठीमागे काथ्याचे पॅकिंग भरून पाठ पुढे आणली. रेक्झिन पुन्हा शिवायला शेजारचा कुशनवाला आला. एके काळी हे काम जीनगराचे असते.

आता कोणी विचारील की घोडेस्वाराला तरी रिकीब कमी-जास्त करण्याची गरज का पडावी? याचे उत्तर याच महाड तालुक्यातल्या रायगडाने दिले आहे. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचे घोडे आणि हत्यार स्वतःचे. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. सभासदाच्या बखरीत पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, अशी बारीक तजवीज आहे. शिलेदार आपली रिकीब एकदा बांधील आणि वर्षानुवर्षे तिला हात लावणार नाही. बारगिराचे घोडे मात्र सरकारी. आज एकाच्या मांडीखाली, उद्या दुसऱ्याच्या. पट्ट्याची भोके खरी कामाला आली असतील ती पागेत! म्हणून माझा सिद्धांत असा, की आसन जुळवून घेण्याची युक्ती मालकाच्या सुखासाठी निपजलेली नाही. एका वाहनावर अनेकांना आळीपाळीने बसावे लागते, तेथे ती जन्मास येते.

या सिद्धांतावर सर्वांत मोठी हरकत खुद्द जीपच घेते. बारगिराचे वाहन म्हणावे तर तिच्याइतके दुसरे नाही. अमेरिकी लष्कराने १९४० साली मागणी काढली, बॅण्टम कंपनीने ४९ दिवसांत नमुना हजर केला, पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती लाखांनी बनवली. आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मामलेदार, प्रांत, वनखाते यांच्या दिमतीला जी जीप आली तिच्यावरही बदलीगणिक नवा चालक बसत गेला. तरीही युद्धकालीन विलीजमधले चालकाचे आसन ठोकून पक्के केलेले होते. ते मागे सरकत नसे, पुढे सरकत नसे. माझा सिद्धांत येथे कोसळतो की काय?

काहींचे म्हणणे असे की लष्कराला काटकसर हवी होती, म्हणून सरकती पट्टी गाळली. मला हे मान्य नाही. त्याच गाडीत शेजारचे आसन बिजागरीवर पुढे कलंडत असे, म्हणजे बिजागरीचा खर्च लष्कराने सोसलाच होता. खरे कारण आसनाच्या खाली आहे. विलीजची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली, तळाच्या पत्र्यात केलेल्या खोलगट जागेत बसवलेली होती. ती १५ अमेरिकी गॅलनांची होती आणि पेट्रोल भरायचे तर चालकाला उतरून गादीच उचलावी लागे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच, मागे माणसे आणि सामान, मागच्या आसाच्या पलीकडे टाकी नेली तर चढावर ती दगडाला घासणार. तेव्हा टाकीला निर्वेध जागा उरली ती चालकाच्या बुडाखाली. १९४५ च्या नागरी जीपमध्ये टाकीचे तोंड बाहेर काढले गेले, टाकी मात्र आसनाखालीच राहिली. १९४८ साली निघालेल्या लँड रोव्हरमध्येही टाकी पुढच्या आसनाखाली आणि आसनामागे आडवी भिंत, त्यामुळे त्या गाडीचे लांब पायांचे चालकही आजतागायत कुरकुरत आले आहेत. बारगिराच्या घोड्याने रिकिबीची भोके गमावली ती टाकीपायी; गरज नव्हती म्हणून नव्हे.

दुसरा प्रतिपक्ष विमानाचा. सरकते आसन मोटारीने वैमानिकाकडून उचलले, असे तो म्हणतो. परंतु स्पिटफायर या प्रसिद्ध लढाऊ विमानात आसन तरफेने वर-खाली होत असे, तर पायांतली पेडले चाकी फिरवून जवळ-लांब करता येत. पेडल जवळ-लांब करणे म्हणजे रिकिबीचीच चाल! ज्याला प्रतिपक्षाचा साक्षीदार म्हणून उभे केले, तो माझ्याच बाजूने साक्ष देऊन गेला.

महिंद्रांनी विलीजची जीप हिंदुस्थानात आणली आणि २०१० साली तिचीच वारस म्हणून थार काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या थारमध्ये चालकाचे आसन उंचीलाही जुळवता येते. पण पोलादपूरच्या आतल्या गावांना ज्या जुन्या जीपा, कमांडर आणि ट्रॅक्स माणसे वाहत आल्या, त्यांच्या चालकांना ही सोय मिळाली ती मिस्त्रीच्या हातून. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. मधल्या आंबेनळी घाटात क्लचवरचा पाय विसावत नाही. सावित्रीच्या काठी सव येथे गरम पाण्याची उन्हाळी आहेत, तेथे गुडघे शेकायला येणाऱ्यांत मी जुने जीपचालक पाहिले आहेत, आणि बोलता बोलता त्यांतल्या एकाने हात ठेवून दाखवले ते गुडघ्याच्या नेमक्या त्याच जागी, जिथे महाडचा मिस्त्री वाकून पाहत होता. चालकाचे आसन मागे न्यावे, तर मागच्या आडव्या बाकावरच्या उतारूच्या गुडघ्यांवर ते येते आणि एक माणूस कमी बसतो. म्हणून कित्येक मालकांनी पट्ट्या घालू दिल्या नाहीत. ही काटकसर मला निंद्य वाटते. ज्याच्या पायांवर घाटात साऱ्यांचा जीव अवलंबून आहे, त्याला दोन इंच जागा नाकारणे हा हिशेब कोणत्याही दप्तरात बसणारा नाही.

महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांतून माळ्यावर कोठे खोगीर पडलेले असेल, तर त्याच्या रिकिबीचा पट्टा टाकून देऊ नये. त्यावरची कोणती भोके ताणून लांबट झाली आहेत ते पाहावे. एकच भोक झिजलेले असेल तर ते खोगीर शिलेदाराचे. तीन-चार झिजलेली असतील तर बारगिराचे, आणि असा पट्टा ज्याच्यापाशी असेल त्याने तो जपून ठेवावा व अभ्यासकांना दाखवावा, अशी माझी विनंती आहे.