लूप, तांबी आणि संप्रेरकाची तांबी

विषय ऐकून काही जण म्हणतील, "कर्नलसाहेब, लढाया सोडून आज हे काय?" पण इतिहास फक्त रणांगणावर घडत नाही. फौजी वसाहतींत 'तांबी' हा शब्द मी कुजबुजतच बोललेला ऐकला आहे. आज तो मोठ्याने बोलू.

बर्लिनचे डॉ. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी १९२० च्या दशकात गर्भाशयात बसवायचे कडे वापरात आणले. ते ज्यू होते. नाझींनी त्यांना तुरुंगात डांबले. सुटल्यावर ते अमेरिकेला गेले. १९६० च्या दशकात तिथल्याच डॉ. जॅक लिपीस यांचा प्लास्टिकचा लूप आला आणि १९६५ मध्ये भारत सरकारने तो कुटुंबनियोजनात घेतला. बसवण्याची घाई झाली, पण समजावून सांगणे आणि नंतरची तपासणी मागे पडली. रक्तस्राव सुरू झाला, अफवा उठल्या आणि असंख्य बायकांनी लूप काढून टाकला. पुढे तांबी आली. तांबे शुक्राणूंना निकामी करते, पण पाळीचा स्राव वाढवू शकते.

मग इंग्रजी 'टी' आकाराच्या साधनात संप्रेरक भरण्याची कल्पना पुढे आली. १९७६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पहिले साधन वर्षभरच टिके. फिनलंडचे टापानी लुक्काइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेव्होनॉरजेस्ट्रेल वापरले. ते साधन १९९० मध्ये फिनलंडमध्ये उपलब्ध झाले. त्यात ५२ मिलिग्रॅम औषध असते. सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम झिरपते आणि साधन अनेक वर्षे चालते.

ते काम कसे करते? गर्भाशयमुखातला स्राव इतका दाट होतो की शुक्राणूंची वाटच अडते. हीच मुख्य नाकाबंदी. शिवाय गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. बहुतेकींमध्ये बीज बाहेर पडणे मात्र चालूच राहते. साधन काढले की गर्भधारणेची क्षमता परत येते.

अस्तर पातळ म्हणून पाळीचा स्रावही घटतो. त्यामुळे अतिरक्तस्रावावर उपचार म्हणूनही ते वापरतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. शस्त्रक्रियेआधी इतर उपाय विचारणे हा प्रत्येक बाईचा हक्क आहे, आणि त्या उपायांत हेही एक नाव आहे.

पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसतात, पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. लूपच्या वेळी तेच राहून गेले होते.